कोरड्या सालातलं पाणीखातं

मृग लागून आठवडा उलटला, तरी लातूरचं आभाळ पिठाच्या गिरणीतून बाहेर आल्यासारखं पांढरंफटक आहे. गल्लीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला की सगळी इमारत बादल्या वाजवत जिना उतरते. शाळा मात्र सुरू झाल्या. शाळा कुणासाठी थांबत नाहीत, पावसासाठीही नाही. परवा माझी नात मुक्ता घरी आली ती छातीवर चकचकीत बिल्ला लावूनच.

“आज्जी, मी पाणीमंत्री झाले!”

चौकशी केली. काम काय, तर पोरांच्या बाटल्यांत उरलेलं पाणी झाडांना घालायचं आणि गळका नळ दिसला की बोंब मारायची. मतदान म्हणे कॉम्प्युटरवर बटण दाबून झालं. सूनबाई स्वयंपाकघरातून कौतुकानं म्हणाली, “अगं, आज्जीलाच विचार की. जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलंय त्यांनी. शाळेचं मंत्रिमंडळ त्याच चालवायच्या.”

“हो आज्जी? मग सांग ना, चांगल्या पाणीमंत्र्यानं काय करायचं असतं?”

मला एकदम कुकरच्या शिट्ट्या मोजायची आठवण झाली. मी उठून आत गेले. कुकर लावलेलाच नव्हता.

वय झाल्याचा एक फायदा आहे. जुन्या फोटोतल्या आपल्याकडं शेजारणीकडं बघावं तसं बघता येतं आणि मनसोक्त नावं ठेवता येतात. माझ्याकडं तसा एक फोटो आहे. जळकोटच्या अलीकडच्या एका मोठ्या गावातलं हायस्कूल, मागं पत्र्याचे वर्ग, पुढं बिल्ले लावलेली पोरंपोरी आणि मधोमध खुर्चीत एक बाई. नाक असं वर, जणू छपराची गळती शोधतेय. केसांत पिना, मनगटावर घड्याळ, आणि साडीला कडक खळ. त्या साली गावात प्यायला पाणी नव्हतं. ही बाई साडीला खळ घालत होती.

मी तिला ‘ती बाई’च म्हणते. नांदेडला गल्लीत वाढलेली, बी.एड.ची शाई न वाळलेली, नवरा मुदखेडला रेल्वेत आणि ही इकडं नोकरीला. त्यामुळं आठवडाभर तिचा सगळा जोर देशाची लोकशाही घडवण्यावर.

नागरिकशास्त्र हा विषय इतिहासाच्या शेपटाला बांधलेला. बाकीचे मास्तर तो परीक्षेच्या तोंडावर उरकायचे. हक्क वाचा, कर्तव्यं पाठ करा, झालं. ती बाई मात्र वर्गात शिरायची तीच संसदेत शिरल्यासारखी. डस्टर टेबलावर आपटून “ऑर्डर! ऑर्डर!” म्हणायची. पहिल्या बाकावरची पोरं खडूच्या धुळीनं खोकायची आणि तिला वाटायचं, सभागृह भारावलं. तिनं शाळेत मंत्रिमंडळ सुरू केलं. पंतप्रधान, खातेवाटप, शपथविधी, विरोधी पक्षनेता, सगळं. विरोधी पक्षनेत्याचा समज असा झाला की आपण सगळ्यालाच विरोध करायचा. तो मधल्या सुट्टीच्या घंटेलाही हरकत घ्यायचा. एकदा एक आई कमरेवर हात ठेवून शाळेत आली.

“बाई, पोराला काय शिकवायलाव तुमी? भाकर वाढली तर म्हणतंय, ठरावाला अनुमोदन कुणाचं हाय?”

त्या बाईला त्याचाही अभिमान वाटला. शनिवारी मुदखेडला गेल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं, लोकशाही चुलीपर्यंत पोचली. नवरा म्हणाला, “चुलीपर्यंत पोचलीच असेल तर जरा चहा टाकायला सांग तिला.”

त्याच पावसाळ्यात, म्हणजे ज्याला पावसाळा म्हणायचं त्यात, आमचा जिल्हा बदलला. स्वातंत्र्यदिनाला झेंडा चढला आणि आम्ही नव्या लातूर जिल्ह्याचे झालो. पेढे वाटले. बसवराज नावाचं नववीतलं एक द्वाड पोरगं वर्गात उभं राहिलं. “बाई, काल उस्मानाबादेत झोपलो, आज लातुरात उठलो, आन् खाट तर जागची हाललीच न्हाई!” वर्ग हसला. बाईनं भिंतीवरच्या नकाशात लाल पेन्सिलीनं नवी हद्द काढली. मागून कुणीतरी विचारलं, “नव्या जिल्ह्यात पाणी हाय का, बाई?”

“विकास होईल,” ती बाई म्हणाली. ती असंच बोलायची.

पाणी नव्हतंच. ज्वारी वीतभर उगवून तिथंच थांबली होती, कुणीतरी हाक मारल्यासारखी. विहिरीत वाकून बघितलं तर स्वतःचं तोंड दिसायचं नाही, नुसता भेगाळलेला गाळ. त्या सालातले मला आवाज आठवतात. हातपंपाचा दमेकऱ्यासारखा आवाज. रांगेत घागर पुढं सरकवताना दगडावर होणारी खरखर. पोरांच्या टाचांखाली फुटणारी ढेकळं. आणि एक वास, धुळीचा, जनावरांचा, न धुतलेल्या गणवेशांचा मिळून झालेला. तास बदलला, विषय बदलला, तरी तो वर्गातून हलायचा नाही. फळा पुसायचं फडकं ओलं करायचीसुद्धा मनाई होती. आदल्या दिवशीची गणितं फळ्यावर भुतासारखी पांढुरकी राहायची आणि त्यांच्यावरच आम्ही राज्यघटना लिहायचो.

शाळेच्या अंगणात कडुलिंबाखाली दोन रांजण होते. त्यात पाणी यायचं ते आप्पांच्या विहिरीचं. आप्पा म्हणजे शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष, भुसाराचे व्यापारी, बसवराजचे आजोबा. कपाळावर भस्माचे पट्टे, ओठांवर शिवाचं नाव, बोलणं गुळासारखं. गावातल्या विहिरींनी मान टाकली तेव्हा त्यांच्या मळ्यातल्या विहिरीला तेवढी धुगधुगी राहिली होती, आणि ते पाणी त्यांनी शाळेला फुकट दिलं. हे त्यांचं खरंच मोठेपण. बैलगाडीवर पाण्याचं लोखंडी टिपाड चढवून गडी सकाळी यायचा. चाकाची करकर ऐकू आली की वर्गातला इतिहास-भूगोल जागच्या जागी थांबायचा. टिपाडाच्या तोंडाला ओलं पोतं बांधलेलं असायचं. त्या पोत्याचा वास आता कुठं मिळत नाही. फ्रिज उघडला की गारवा येतो, वास येत नाही.

पाणी प्यायची रीत अशी होती. एकानं लांब दांड्याच्या वगराळ्यानं रांजणातलं पाणी काढायचं, बाकीच्यांनी रांगेनं येऊन ओंजळ धरायची, वरून धार. आमच्या शाळेत शिवाशिव नव्हती. हे वाक्य आम्ही सगळे फार टेचात म्हणायचो. एकच रांजण, एकच रांग, कुणीही कुणाच्या मागं उभं राहावं. आणि ते खोटं नव्हतं. फक्त वगराळं धरणारं पोरगं दरवर्षी काही ठरावीक घरांतलंच असायचं. तसा नियम कुणी केला नव्हता, त्यामुळं तो मोडायचा विचारही कुणाच्या डोक्यात आला नव्हता. ओंजळ कुणाचीही चालायची. धार कुणाच्या हातची, ते मात्र ठरलेलं होतं. इतकी नागरिकशास्त्राची बाई, रोज त्या झाडाखालून ये-जा करायची, पण तिच्या कधी ध्यानात आलं नाही.

त्या साली निवडणुकीनं ते उघडं पडलं.

एरवी पाणीखात्याला उमेदवार मिळायचा नाही. सगळ्यांना क्रीडाखातं नाहीतर सहलखातं हवं असायचं. दुष्काळानं पाणीखात्याचा भाव वाढवला. दोन उमेदवार उभे राहिले. एक बसवराज, दुसरी सुजाता.

सुजाताही नववीतच. भीमनगरातली. आजोबांच्या पिढीतच घरानं बुद्धाचा धम्म घेतलेला, वडील एस.टी.त कंडक्टर, आई रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला. वडील एकदा शाळेत आले होते तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं, उपासानं खंगलेल्या बुद्धाला खीर देणारी ती सुजाता, तिच्यावरून नाव ठेवलंय. पोरगी काटकुळी, दोन घट्ट वेण्या, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय. त्या सवयीचा त्या बाईला थोडा त्रासच व्हायचा.

सुजाता भाषणात म्हणाली, “मी निवडून आले तर आधी पाचवीला पाणी. धाकली लेकरं रांगेत चेंगरतेत. दहावीची पोरं दणकट हायत, ती थांबतील. एकाला एकदाच, पन पोटभर. सांडायचं न्हाई. आन् मी सगळ्यांच्या शेवटी पिणार.”

बसवराजचं भाषण एवढंच, “पाणी आमच्या विहिरीचं हाय. इचार करा.” वर्ग खो-खो हसला. तोही हसला.

डालड्याच्या डब्याला चीर पाडून मतपेटी केली होती. सुजाता दणदणीत निवडून आली. पाचवी-सहावीनं तर एकजात तिलाच मतं टाकली होती. त्या बाईनं शपथ दिली, पोरीच्या छातीवर पुठ्ठ्याचा बिल्ला टाचला, आणि मग स्टाफरूममध्ये घटनेतलं समतेचं कलम आपल्या शाळेत कसं जिवंत झालं यावर ती इतकं बोलली, की मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, चहावर साय धरायलीय.”

पहिल्या दिवशी सगळे प्याले. बसवराजही प्याला. हरलेला उमेदवार जिंकलेलीच्या हातची धार ओंजळीत घेतोय, हे बघून त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या महिन्यात गावात नव्यानं आलेलं तेवढंच पाणी.

दुसऱ्या दिवशी रांग आखूड झाली.

“काय रे, पाणी प्यायला नाही गेलास?”

“तहान न्हाई, बाई.”

भर दुपार. ओठांची सालं निघालेली, जीभ सारखी ओठांवरून फिरतेय, आणि तहान नाही. तिसऱ्या दिवशी आणखी काही जणांना तहान नव्हती. घरी काय बोलणं झालं ते कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. ज्या हातांनी डब्यात सुजाताच्या नावाची चिठ्ठी टाकली होती, ते हात आता खिशात होते. मत देणं सोपं होतं, डब्यात कुणी डोकावत नव्हतं. ओंजळ उघड्यावर धरावी लागते. बसवराज तर सावलीला बसून रांजणाकडं दाव्याला बांधलेल्या वासरासारखा बघायचा.

सुजाता वगराळं धरून उभी असायची. पाचवीची लेकरं यायची, भीमनगरची यायची, आणखी थोडी घरचं न ऐकणारी. मग रांग संपायची. ती थांबायची. बिल्ला सरळ करायची. पुन्हा थांबायची. घंटा व्हायच्या बेताला स्वतः प्यायची, ठरल्याप्रमाणं सगळ्यांच्या शेवटी. पण सगळे आलेलेच नसायचे.

आता माझ्या टेबलावर पाण्याची बाटली असते, औषधांच्या डब्याशेजारी. डॉक्टर म्हणतात, तहान नसली तरी प्या. मी पिते. प्रत्येक वेळी त्या पोरांचे ओठ आठवतात असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण कधीकधी आठवतात. तहानलेलं राहणं ही मुलांना जन्मतः येणारी गोष्ट नाही. ती घरात बसवून शिकवावी लागते. आमच्या गावानं ती भर दुष्काळात शिकवली.

तेवढ्यात निरोप आला, नव्या जिल्ह्याच्या कचेरीतले एक साहेब शाळा बघायला येणार. त्या बाईच्या अंगात संचारलं. तिनं ठरवलं, साहेबांपुढं मंत्रिमंडळाचं अधिवेशनच भरवायचं. आणि मग आप्पा शाळेत आले. खुर्चीत टेकले, उपरण्यानं वारा घेतला.

“बाई, पोरगी गुणाची हाय. माजं कायबी म्हणणं न्हाई.”

“हो, आप्पा.”

“माज्या मनात तसलं असतं तर विहीर खुली केली असती का? शिवापुढं सगळे सारखे. पन लोक असतेत की.”

“काय म्हणतात लोक?”

“लेकरं तहानेली घरी येतेत, आया कातावतेत. खामखा तुमच्या नावाला बट्टा. तुमी शहरातून आलाव, तुमाला कशाला तकलीफ?”

“आणि पाणी?”

“पाणी काय, येतंय की. येत राहील.” असं म्हणून आप्पा मिशीत हसले. धमकी होती की दिलासा, त्या बाईला कळलं नाही. विचारायची तिची हिंमत झाली नाही. पुढं कित्येक वर्षं ती स्वतःला सांगत राहिली, की पोरांचं पाणी तुटू नये म्हणून आपण पुढचं सगळं केलं. आप्पांनी पाणी तोडलं नसतं. मला आज हे पक्कं वाटतं. पण त्या बाईला ते तुटण्याची भीती सोयीची होती.

मुख्याध्यापकही म्हणाले, “माझं काही नाही, बाई. पण लोक.” भूगोलाचे मास्तर म्हणाले, “मी तर मानतच नाही. पण लोक.” आठवडाभर त्या बाईला गावात एकही माणूस असा भेटला नाही, जो म्हणेल, लोक म्हणजे मी. तीही स्वतःला त्यात धरत नव्हती.

मग तिला युक्ती सुचली. युक्ती सुचली की तिचं नाक आणखी वर जायचं. तिनं वर्गात शिकवलं, की मंत्रिमंडळात फेरबदल करायचा अधिकार पंतप्रधानाचा असतो. आणि पंतप्रधान झालेल्या दहावीतल्या पोराला बाजूला घेऊन कोणता फेरबदल करायचा तेही शिकवलं. सुजाताला बढती. शाळेत आजवर नसलेलं पद तिच्यासाठी काढलं, उपपंतप्रधान. पाणीखातं बसवराजकडं. बाईनं स्वतः बसून सोनेरी बेगडीचा बिल्ला केला, पंतप्रधानाच्या बिल्ल्याहून बोटभर मोठा. कुणी दुखावलं नाही, पोरीचा मान वाढला, लेकरं पाणी पितील, आप्पा खूश, लोकशाहीही शाबूत. आपण किती हुशार, असं वाटून तिला त्या दिवशी जेवण जास्त गेलं.

शाळा सुटल्यावर तिनं फेरबदल सांगून बिल्ला सुजाताच्या हातात ठेवला. सुजातानं तो उलटसुलट बघितला.

“बाई, उपपंतप्रधानानं काय करायचं असतंय?”

“पंतप्रधान नसतील तेव्हा त्यांचं काम बघायचं.”

“आन् असतील तवा?”

“मोठं पद आहे, सुजाता.”

“व्हय, बाई. बिल्ला मोठा हाय.”

मग ती एक पाऊल जवळ आली. डोळ्यांत बघायची तिची ती सवय. “बाई, एक सांगू का? खातं बदलू नगा. उद्या मधल्या सुट्टीला तुमी या रांजणापाशी. सगळ्यांच्या देखत माज्या हातचं पाणी प्या. तुमी प्यालाव की पोरं पितेत. त्यांना लई तहान लागायलीय, बाई. घरी सांगायला कायतरी पायजे त्यांना. बाईबी पितेत म्हनून सांगतील.”

पोरीनं पूर्ण विचार केला होता. दिवसेंदिवस तिथं उभं राहून तिनं प्रत्येकाचं तोंड वाचलं होतं आणि उपाय काढला होता. त्यात कुणाशी भांडण नव्हतं. फक्त एका बाईनं स्टाफरूममधून अंगणात यायचं होतं आणि ओंजळ धरायची होती. आणि त्याच वेळी त्या बाईच्या लक्षात आलं, की आपण त्या रांजणातलं पाणी आजवर प्यालोच नाही. मास्तरांसाठी स्टाफरूममध्ये झाकलेला तांब्या-पेला असायचा. सुजाता निवडून आल्यावरही तिनं तोच पेला उचलला होता, रोज. का, ते तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, सवय. मी म्हणते, सवय हेच तर त्याचं नाव होतं.

“बघू हं,” ती बाई म्हणाली. “साहेब येऊन जाऊ देत.”

बसवराज आता लातुरात असतो. मोठा व्यापारी झालाय, माणूस मनाचा चांगला. गुरुपौर्णिमेला न चुकता फोन करतो. “बाई, पाया पडतो. तुमच्यामुळं लोकशाही कळाली बगा. मी पाणीमंत्री होतो त्या साली, याद हाय का?” याद आहे, बाबा. ते खातं आधी कुणाचं होतं, ते त्याला आठवत नाही. आठवायचं कामही नाही त्याला. ती शिकवणूक माझी.

साहेब आले. जीप थांबली तरी तिची धूळ पुढं येत राहिली. अंगणात अधिवेशन भरलं, ठराव झाले, अनुमोदनं झाली, विरोधी पक्षनेत्यानं साहेबांच्या हारालाही हरकत घेतली. मग मधली सुट्टी. बसवराजच्या हातात वगराळं, आणि रांग थेट फाटकापर्यंत. पोरं अशी प्याली, की धार ओंजळीतून कोपरापर्यंत ओघळली आणि त्यांनी कोपर चाटले. सुजाता तिच्या पाळीला गेली, ओंजळ धरली, प्याली. तिनं काही नाटक केलं नाही.

साहेबांनी तिचा बिल्ला बघितला. “ही कोण?”

“उपपंतप्रधान, सर.”

“अरे वा! मुलगी उपपंतप्रधान! आधी कोणतं खातं होतं तुझ्याकडं?”

“पाणीखातं.”

“दुष्काळात एवढं महत्त्वाचं खातं का सोडलंस मग?”

आप्पा धोतराची कड नीट करायला लागले. मुख्याध्यापकांना कडुलिंबात काहीतरी दिसलं. त्या बाईनं सुजाताकडं बघितलं. सुजातानं तिच्याकडं बघितलं, जरा जास्त वेळ.

“बाईंनी बढती दिली, सर.”

टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, “याला म्हणतात नागरिकशास्त्र! पुस्तकातलं नव्हे, जगण्यातलं.” मुख्याध्यापकांनी ते वाक्य पुढं प्रत्येक स्नेहसंमेलनात सांगितलं.

पोरीनं त्या बाईला वाचवलं होतं. भिऊन नाही. भिणाऱ्याचे डोळे तसे नसतात. भर लग्नात एखाद्या बाईचा पदर ढळला तर शेजारची हळूच सावरून देते ना, तसं. उघडं पडलेलं झाकून दिलं. मला नंतर सत्काराच्या शाली मिळाल्या, नारळ मिळाले. शाल अंगावर पडली की मला प्रत्येक वेळी वाटायचं, आपल्याला परत कुणीतरी झाकतंय.

इथून पुढचं मात्र ‘ती बाई’ म्हणून सांगता येत नाही.

त्याच दिवशी उन्हं कलल्यावर मी भीमनगरात गेले. त्या गावात नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच. सुजाताचं घर पांढऱ्या मातीनं सारवलेलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर. तिची आई नुकतीच रस्त्याच्या कामावरून आली होती. पापण्यांवर खडीची धूळ तशीच होती.

“बाई, तुमी? या, बसा. सुजे, घोंगडी टाक.”

मी बसले नाही. उभ्यानंच म्हणाले, “सुजाता, मला पाणी दे. तुझ्या हातचं पाणी प्यायला आलेय मी.” हे वाक्य मी वाटेत तयार केलं होतं. शाळेपासून त्या घरापर्यंत मी ते दोन-तीनदा मनात म्हणूनही बघितलं होतं. मला वाटलं होतं, पोरीचे डोळे भरून येतील. आईचेही येतील. माझे तर येतीलच.

आईनं कोपऱ्यातल्या घागरीकडं एकदा बघितलं. सुजातानं घागर तिरकी केली, आणखी तिरकी केली, जवळजवळ आडवी. तांब्या भरून आणून माझ्यापुढं धरला. काठोकाठ. मी प्याले. कोमट होतं, थोडं मचूळ. घोटागणिक मला कळत गेलं, की हे पाणी कुणीतरी रांगेत उभं राहून आणलंय, आणि मी ते माझं मन धुवायला वापरतेय. पण अर्धं ठेवणं आणखी वाईट दिसलं असतं. मी सगळं संपवलं.

सुजातानं रिकामा तांब्या घेतला. रागानं नाही, एखाद्याचं गणित चुकल्यावर सांगावं तसं म्हणाली, “इथं प्यायला काय व्हतंय, बाई? इथं कोण बघतंय? तिथं प्यायचं होतं.”

“सुजे!” आई ओरडली. “बाईसंग आसं बोलतेत व्हय?” आणि मला म्हणाली, “मनावर घेऊ नगा, बाई. तिचं तोंड फटकळ हाय. पन तुमचं नाव लई घेती घरात.”

मी हसल्यासारखं केलं. निघाले. गल्लीच्या तोंडापर्यंत आई सोबत आली.

हा लेख इथं संपवता आला असता तर बरं झालं असतं. पोरीनं डोळे उघडले, बाई शहाणी झाली, असं म्हणून उठता आलं असतं. पण वर्ष अजून बरंच शिल्लक होतं. ती कडुलिंबाखालची जागा कुठं गेली नव्हती. रांजण तिथंच होते, पोरं तीच, पंतप्रधान अजूनही माझ्या सांगण्यातला. एका फेरबदलानं खातं काढून घेता येतं, तर दुसऱ्या फेरबदलानं परतही देता येतं, हे मीच तर शिकवलं होतं. प्रश्नही सुजातानं सांगितला होता आणि उत्तरही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीची घंटा झाली. मी खडूचे हात झटकले, वर्गाबाहेर आले. अंगणात रांग लागली होती, आणि सुजाता तिच्या शेवटी उभी होती. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि बघत राहिली. मग रांग पुढं सरकली तशी तीही सरकली. मी स्टाफरूममध्ये गेले आणि पेला भरून घेतला. शाळा उन्हाळ्यासाठी बंद होईपर्यंत रोज घंटा झाली. रोज मी वर्गाबाहेर आले. पहिले काही दिवस तिनं मान वळवून बघितलं. नंतर तिनं बघायचं सोडून दिलं.